मिस्सेला जायचंय, पण त्या रांगेत उभं राहायचं का? गोव्यातल्या चर्चविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर सावंतवाडीकडचं, सासर बार्देशातलं आणि सासरची माणसं कॅथलिक. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. वर्षाला एखादं काजार म्हणजे लग्न, एखादं मर्ण म्हणजे अंत्यविधी, एखाद्या पोराचं पहिलं कम्युनियन ठरलेलंच, आणि त्याच्या आदल्या रात्री माहेरून फोनही ठरलेला. "अगो, ते पांढरं गोल काहीतरी देतात, ते घ्यायचं काय आमी?" कुडाळची मामी, दोडामार्गची आत्या, आता तर पुण्यातले भाचेही विचारतात. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदाच सगळी लिहून ठेवते. नियम कॅथलिक चर्चचे आहेत, बहुतेक १९८३ च्या त्यांच्या कायदेसंहितेतले. शेरे माझे.

ते पांढरं गोल म्हणजे प्रसादच ना?

नाही. सगळा घोळ या एका शब्दातून होतो, म्हणून इथे जरा थांबते.

वस्तू म्हणून पाहिलं तर ती गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची पातळ चकती, तिला होस्ट म्हणतात. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत, पाद्री तिच्यावर येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी काढलेले शब्द उच्चारतो. त्यानंतर ती भाकर राहत नाही, दिसायला भाकर आणि प्रत्यक्षात ख्रिस्त, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. प्रतीक म्हणून नव्हे, आठवण म्हणून नव्हे, अगदी खरोखर. १२१५ च्या लॅटेरन धर्मपरिषदेने या बदलाला धर्मसिद्धान्ताची भाषा दिली. तुम्हाला ते पटायला पाहिजे असं नाही, पण पुढ्यात उभा असलेला माणूस हे मानतो एवढं ध्यानात ठेवलं की बाकीचे नियम आपोआप उलगडतात.

आपला प्रसाद कसा असतो? देवळाबाहेर उभा असलेल्यालाही मिळतो, न मागता मिळतो, आणि नाकारला तर देणाऱ्याला लागतं. कम्युनियनचं, म्हणजे ती होस्ट घेण्याच्या संस्काराचं, याच्या उलट आहे. पाद्री होस्ट समोर धरून कोकणीत "क्रिस्ताची कूड" म्हणतो, घेणारा "आमेन" म्हणतो. आमेन म्हणजे हो, मी हे मानतो, आणि हे मानणाऱ्या सगळ्यांशी मी बांधलेला आहे. ती सही आहे. ज्या कागदावर आपला विश्वास नाही त्यावर सौजन्य म्हणून कोणी सही करत नाही.

म्हणून न घेण्यात अपमान नाही. न मानता घेण्यात मात्र आहे, आणि तोही नकळत झालेला.

गोव्यातले जुने लोक कम्युनियनला 'कुमगार' म्हणतात. सासूबाईंच्या तोंडी तोच शब्द होता.

मग आम्ही आत तरी बसावं की नाही?

खुशाल बसा. मिस्सा सर्वांना उघडी असते, दारावर कोणी धर्म विचारत नाही. उठतात तेव्हा उठा, बसतात तेव्हा बसा. गुडघे टेकायची सक्ती नाही, पण समोरच्या बाकाला खाली असलेल्या पट्टीवर पाय ठेवू नका, कारण ती गुडघ्यांसाठी असते. मध्ये एकदा सगळे एकमेकांकडे वळून हात जोडतात, तेव्हा तुम्हीही जोडा. हा नमस्कार भारतातल्या मिस्सेत १९६९ साली रोमच्या परवानगीने आला. मामीला हे सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं.

सगळे उठून गेले आणि आम्हीच बसून राहिलो तर विचित्र दिसत नाही?

बघा एकदा नीट. कॅथलिकही बसलेले असतात. कोणी कुमसार, म्हणजे पाद्रीजवळ पापनिवेदन, केलेला नसतो, कोणी दहा मिनिटांपूर्वी बाहेर भजी खाल्लेली असते, कोणाच्या घरचं काही वेगळंच असतं. का बसलात हे विचारणं तिथेही उद्धटपणाच समजतात. फक्त आतल्या माणसाला बाहेर पडता यावं म्हणून गुडघे बाजूला करा.

चुकून रांगेत उभी राहिले आणि पुढे पोचले, आता?

दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून मान हलवा. पाद्री समजतो. काही जण अशा वेळी दोन शब्द आशीर्वादाचे पुटपुटतात, काही नुसते पुढच्याकडे वळतात. अशा आशीर्वादाची तरतूद मिस्सेच्या विधीत नाही, तो ठिकठिकाणचा रिवाज आहे. म्हणून मुद्दाम त्यासाठी रांगेत जाऊ नये, असं माझं मत.

आणि हातात पडलीच, तर कृपा करून पर्समध्ये घालू नका! माझ्या एका चुलत बहिणीने हेच केलं. "घरी नेऊन देवाजवळ ठेवते," असा भाबडा विचार. स्वयंसेवक तिच्या मागून दारापर्यंत आला आणि चारचौघांत मोठ्या आवाजात पर्स उघडायला लावली. बोलायची पद्धत चुकलीच त्याची, मी त्याला तसं सांगितलंही. पण धास्ती खरी होती. होस्ट बाहेर नेऊन तिची विटंबना होऊ शकते, आणि तसं जाणूनबुजून करणाऱ्या कॅथलिकाला चर्चच्या कायद्यात बहिष्कार आहे, तोही आपोआप लागू होणारा. जुन्या गोव्यात किंवा किनाऱ्यालगतच्या चर्चांत पर्यटक भरपूर असतात, तिथे स्वयंसेवक डोळ्यांत तेल घालून बघत असतात ते यासाठीच. हातात आलीच तर तिथल्या तिथे परत द्या.

त्यात अंडं किंवा मांसाहारी काही असतं का?

नाही. गहू आणि पाणी. ज्यांना गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही अशा कॅथलिकांसाठी अगदी कमी ग्लूटेनच्या चकत्या चालतात, पण गहू पूर्ण वगळलेली, तांदळाची वगैरे, चालत नाही. वाइनही द्राक्षांचीच लागते. फेणी चालत नाही, हा आमच्या दिरांचा ठरलेला विनोद.

पाळी असेल, सुतक असेल, सोयर असेल तर चर्चमध्ये जावं का?

जावं. या तिन्हींचा तिथे काही संबंध नाही. कम्युनियन घ्यायलाही बाईला यातलं काही आड येत नाही. हा प्रश्न मला सगळ्यात हळू आवाजात विचारतात आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त वेळ गप्प बसतात. आपल्याकडे कोणी लांब राहिलं की डोक्यात आधी विटाळ येतो, त्यामुळे "हिंदूंना कम्युनियन देत नाहीत" हेही आपण त्याच मापाने मोजतो. तुमच्या स्पर्शाने तिथे काही बाटत नाही. पाद्री तुमच्या हातचं जेवतो, आमच्याकडे चतुर्थीला येऊन पातोळ्या खाऊन गेलाय.

कॅथलिकांपैकी सगळ्यांना मिळतं का?

संहितेतलं मूळ वाक्य उदार आहे: बाप्तिस्मा झालेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या कोणालाही कम्युनियन दिलंच पाहिजे. अटी त्यानंतर येतात.

एक, तासाभराचा उपास. कम्युनियनच्या आधी एक तास पाणी आणि औषध सोडून काही पोटात जाऊ नये. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना त्यातूनही सूट. आमच्या आजेसासूबाईंच्या वेळी मध्यरात्रीपासून कडक उपास असे, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. म्हणूनच तेव्हाच्या मिस्सा भल्या पहाटे. १९५३ साली पाण्याने उपास मोडत नाही असं ठरलं, १९५७ मध्ये तीन तास झाले आणि १९६४ मध्ये एक तास.

दोन, गंभीर पाप मनात डाचत असेल तर आधी कुमसार. इथे निवाडा ज्याचा त्याने करायचा असतो. रांगेतल्या माणसाच्या मनात काय आहे ते पाद्री बघत नाही, आणि कुमसारात जे ऐकलं ते रांगेत वापरणं त्याला सक्त मना आहे. पाद्रीने स्वतःहून थांबवायचं ते फक्त जाहीर, गंभीर आणि सांगूनही न सोडलेल्या गोष्टीसाठी, किंवा बहिष्कृत माणसाला. त्यामुळे "अमक्या बाईला पाद्रीने दिलं नाही" अशी बातमी वाड्यावर आली तर निम्म्या वेळा ती नुसती अफवाच असते.

दिवसातून दोनदा घेता येतं, मात्र दुसऱ्या वेळी त्या मिस्सेला आपण हजर असलं पाहिजे. वर्षातून एकदा तरी घ्यावंच, तेही ईस्टरच्या काळात.

मुलांना कधीपासून?

समजायला लागल्यावर. १९१० साली पोप दहावे पायस यांनी हे वय साताच्या आसपास आणलं, त्याआधी पोरं बारा-चौदा वर्षांची होईपर्यंत थांबत. गोव्यात 'दोतोर्न', म्हणजे धर्मशिक्षणाचे वर्ग, काही वर्षं करून साधारण तिसरी-चौथीत पहिलं कम्युनियन होतं. मुली छोट्या नवरीसारख्या पांढऱ्या फ्रॉकात, मुलगे सुटाबुटात, घरी जेवणावळ. आपल्याकडच्या मुंजीच्या थाटाचंच, आणि खर्चाचंही. तुम्हाला आमंत्रण आलं तर पाकीट द्या किंवा पुस्तक, बाहुली, काहीही. देवाची मूर्तीच न्यायला हवी असं नाही.

एक आई किंवा एक बाप कॅथलिक आहे, पण मुलाचा बाप्तिस्मा झालेला नाही, तर कम्युनियन नाही. बाप्तिस्मा हा उंबरा. तो ओलांडल्याशिवाय उरलेल्या सहा संस्कारांपैकी एकही होत नाही.

आमचे शेजारी ख्रिस्तीच आहेत पण 'बिलिव्हर'. ते का घेत नाहीत?

पंथ वेगळा. प्रोटेस्टंट आणि त्या वळणाच्या मंडळींना कॅथलिक कम्युनियन एरवी देत नाहीत. मरणाची घडी असेल, त्यांचा पाद्री मिळत नसेल, त्यांनी स्वतःहून मागितलं आणि त्यांची श्रद्धा कॅथलिकांसारखी असेल तर देतात.

केरळचे सिरो-मलबार मात्र कॅथलिकच. पूजाविधी वेगळा, पोप तोच. वास्कोतले केरळी कोकणी मिस्सेत कम्युनियन घेताना दिसतात ते म्हणूनच. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पोपला मानत नाहीत, तरी त्यांचे संस्कार कॅथलिक चर्च खरे मानतं, त्यामुळे त्यांनी आपणहून मागितलं आणि मनाची तयारी असली तर देता येतं. हे अंतर किती कडू होतं ते बघायचं तर रायबंदरला जावं. वेर्ण्यात जन्मलेले आंतोनियो आल्वारिश कॅथलिक पाद्री होते, १८८९ मध्ये ते ऑर्थोडॉक्स बिशप झाले आणि रोमच्या लेखी बहिष्कृत ठरले. १९२३ मध्ये ते गेले. आज रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्यांची समाधी आहे आणि त्यांचं चर्च त्यांना संत मानतं.

मुलगी कॅथलिक मुलाशी लग्न करतेय. तिला धर्म बदलावा लागेल का?

नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहिणार होते.

बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी लग्न करायचं तर कॅथलिक बाजूला बिशपांच्या कार्यालयातून सूट घ्यावी लागते. ती विगाराच्या, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्रीच्या मार्फत मागायची. त्यासाठी कॅथलिक माणसाने कबूल करायचं असतं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा यासाठी माझ्या परीने सगळं करीन. तुमच्या मुलीने असं काहीही लिहून द्यायचं नसतं. नवऱ्याने हे वचन दिलंय हे तिला नीट सांगितलं गेलं पाहिजे, एवढंच. 'माझ्या परीने' हे शब्द मी मुद्दाम लिहिले, कारण मुलांचा निर्णय शेवटी दोघांनी घ्यायचा असतो. पण तो लग्नाआधी बसून बोला. बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी नको. मी बघितलंय.

असं लग्न चर्चमध्ये लावता येतं, बहुधा मिस्सेशिवाय, प्रार्थना, वाचन आणि शपथा एवढ्यावर. त्यामागे शहाणपण आहे. मिस्सा ठेवली तर वर कम्युनियन घेणार, वधू बसून राहणार आणि वऱ्हाडाची दोन टोकं फोटोत स्पष्ट दिसणार.

देवळातच लग्न लावायचं असेल तर त्याचीही वेगळी सूट मागता येते. एकाच लग्नात पाद्रीने आणि भटजींनी मिळून वधूवरांकडून शपथा घ्यायच्या, हे मात्र चालत नाही.

आणि सूट न घेता नुसतं रजिस्टर केलं तर?

कायद्याने लग्न पक्कं. चर्चच्या लेखी लग्न झालेलंच नाही, आणि कॅथलिक जोडीदाराला कम्युनियन बंद.

आमचं असंच झालं. सही केली, हॉटेलात चाळीस माणसं जेवली, संपलं. मला वाटलं सुटलो. मग रविवारी नवरा आईच्या शेजारी बसून राहायला लागला. रांग सरकायची, सासूबाई एकट्या उठायच्या. मला कोणी काही बोललं नाही, बोलले असते तर बरं झालं असतं. चार वर्षांनी नव्या विगाराने घरी येऊन सांगितलं की याला उपाय आहे. 'मुळापासून दुरुस्ती' म्हणतात तसा. बिशप आधीचंच लग्न मान्य करतात, पुन्हा शपथा नकोत, समारंभ नको. नवऱ्याने वचनाचा कागद लिहून दिला, मी चहा केला. काही आठवड्यांनी पत्र आलं. त्या रविवारी मायलेक दोघे उठले.

हे चार वर्षं आधी कोणी सांगितलं असतं तर, म्हणून इथे सांगतेय.

गोव्याचा कायदाही वेगळा आहे, पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला. चर्चमध्ये लग्न असो वा देवळात, आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन लग्नाचा इरादा नोंदवावा लागतो. नुसतं रजिस्टर करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: ती पहिली सही म्हणजे लग्न नव्हे, ठरल्या मुदतीनंतर जाऊन दुसरी सही केली की लग्न होतं. पहिल्या सहीवरच पेढे वाटून मोकळे झालेले लोक मला माहीत आहेत. आणि तिथला वकील 'कोमुन्यांव' म्हणाला तर चर्चमधलं समजू नका. वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी अर्धी, सामाईक, तिला पोर्तुगीजमध्ये तोच शब्द आहे. माझे वडील हे ऐकून गोंधळले होते: "चर्चमध्ये देत नाहीत आणि कोर्टात देतात?"

घटस्फोट झालेल्यांना कम्युनियन मिळत नाही, खरं का?

अर्धं खरं. नुसता घटस्फोट झाला म्हणून कोणाला बंदी नाही. एकटी राहणारी घटस्फोटित बाई इतरांसारखीच रांगेत जाऊ शकते. कित्येक बायका या गैरसमजापायी वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसतात. अडतं ते पहिलं लग्न चर्चच्या लेखी टिकून असताना दुसरं केलं तर.

त्यावर वाट म्हणजे चर्चच्या न्यायालयात पहिलं लग्न मुळात वैध नव्हतं हे सिद्ध करणं: संमती खरी नव्हती, दबाव होता, मोठी गोष्ट लपवली होती, असं काही. हा घटस्फोट नाही, लग्न झालंच नव्हतं असा निर्वाळा आहे. त्याने मुलं अनौरस ठरत नाहीत. पूर्वी दोन न्यायालयांचा सारखा निकाल लागे, २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ते एकावर आणलं. २०१६ मध्ये त्यांनी असंही लिहिलं की अशा जोडप्यांपैकी काहींना पाद्रीबरोबर नीट पारखून बघितल्यावर संस्कारांचा आधार मिळू शकेल. त्यावर चर्चमध्ये अजून वाद चालू आहे. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर त्यांनी शेजाऱ्यांना नव्हे, विगाराला विचारावं.

जावेने बाळाची 'मादरीन', म्हणजे धर्ममाता, व्हायला सांगितलंय. मी हिंदू आहे.

होता येणार नाही. पाद्रीन (धर्मपिता) किंवा मादरीन कॅथलिकच लागते: सोळा पूर्ण, कम्युनियन आणि दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार, कन्फर्मेशन) झालेली, बाळाची स्वतःची आई नसलेली. दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती माणसाला कॅथलिक पाद्रीनसोबत साक्षीदार होता येतं, पण तिथेही बाप्तिस्मा हवा. जावेने प्रेमाने विचारलं, ते प्रेम ठेवा. बाळाला कपडे करा, मांडीवर घ्या, फोटोत मधोमध उभ्या राहा.

आता गंमत बघा. मादरीन होता येत नाही, पण बाप्तिस्मा तुम्हाला देता येतो! बाळ जगतं की मरतं अशी वेळ आली आणि पाद्री जवळ नसला, तर कोणीही, हिंदू नर्स किंवा सुईणसुद्धा, डोक्यावर पाणी ओतून "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते" असं म्हणाली, आणि चर्चला जे करायचं असतं तेच करायचं तिच्या मनात असलं, तर तो बाप्तिस्मा पुरा. शब्द मात्र तेच हवेत. 'मी'च्या जागी 'आम्ही' म्हटलेला बाप्तिस्मा रोमने २०२० साली अवैध ठरवला.

आईला इस्पितळात ठेवलंय. शेजारच्या खाटेला पाद्री तेल लावून गेला, आईलाही लावेल का?

तेलाचा तो संस्कार आजारी किंवा थकलेल्या कॅथलिकांसाठी असतो. मरायला टेकल्यावरच असं काही नाही, म्हणून कोणाला तेल लावताना बघून लगेच रडायला लागू नका. तुमच्या आईसाठी पाद्रीला प्रार्थना करायला सांगा, तो डोक्यावर हात ठेवून करील. आशीर्वाद कोणालाही देता येतो, हे संहितेतच आहे.

मर्णाला गेलो तर काय करायचं, काय नाही?

घरी जा, हार किंवा फुलं न्या, मेणबत्ती लावा. चर्चमध्ये मिस्सा असते, तिथे वरचाच नियम. मग सेमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, पेटी उतरवल्यावर सगळे मूठमूठ माती टाकतात, तुम्हीही टाका. घरी येऊन आंघोळ करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, फक्त त्यांच्या दारात उभं राहून त्यावर चर्चा नको. आमच्याकडच्या एका काकांनी केली होती. सातव्या दिवशी आणि महिन्याने मिस्सा असते, आपल्या बाराव्यासारखं तिला लोक आठवणीने जातात. मर्णाला पोचला नसाल तर तिला जा.

दहनाला १९६३ पासून परवानगी आहे, दफन अधिक बरं समजतात इतकंच. पण २०१६ च्या सूचनेप्रमाणे रक्षा विखरायची नाही, नदीत सोडायची नाही, ती पवित्र जागी ठेवायची. हिंदू-कॅथलिक घरांत यावरून ऐन वेळी वाद होतो. आत्महत्या केलेल्याला पूर्वी चर्चचा अंत्यविधी नाकारत, आताच्या संहितेत तसं कलम नाही.

सगळं त्यांचंच. आम्हाला मोकळं काय आहे?

पुष्कळ. गोबराच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू होतो तेव्हा, कपाळावर राख लावतात. ती तुम्हीही लावून घेऊ शकता. झावळ्यांच्या रविवारी झावळी घ्या. नोवेनांना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांना, जा. काजाराआधीच्या रोसला नवरीच्या अंगाला नारळाचं दूध लावायला तर बोलावतातच, तुम्ही हळदीला बोलावता तसं. खुरसापुढच्या, म्हणजे क्रुसापुढच्या, लादाइनीत (सगळ्यांनी मिळून गायच्या प्रार्थनेत) बसा, ती संपल्यावर उकडलेले चणे मिळतात. हे सगळं संस्कारांच्या बाहेरचं, म्हणून सगळ्यांचं.

म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, फेस्ताला (उत्सवाला), ईस्टरनंतर दोनेक आठवड्यांनी सोमवारी, हिंदूंची रांग कॅथलिकांपेक्षा लहान नसते. शिरगावची लईराई देवी तिची बहीण, एकीकडून तेल जातं आणि दुसरीकडून फुलं येतात, असं जुने लोक सांगतात. माझी दोडामार्गची आत्या दर वर्षी तिथे तेल घालते आणि "बहिणीक भेटून इलंय" म्हणते. जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचं, सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन दर दहा वर्षांनी होतं. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं तेव्हा अख्खं माहेर टेम्पो करून आलं होतं. तिथल्या रांगेत कोणीच धर्म विचारला नाही. मिस्सेतल्या रांगेत आणि त्या रांगेत फरक काय, हे पुण्याच्या भाच्याला तिथे उभ्या उभ्या समजावलं, आणि त्याला ते समजलं.

चर्चमध्ये जात नसते ना?

कम्युनियनच्या रांगेत नाही. फेस्ताचा मान, कॉन्फ्रारियाचा, म्हणजे चर्चमधल्या बंधुमंडळाचा, तांबडा झगा, मिरवणुकीत पुढे कोण, यात काही गावांत होती, आणि आहे म्हणणारे आहेत. एकाच होस्टला आमेन म्हणायचं आणि बाहेर येऊन गांवकार, म्हणजे गावचे मूळ मानकरी, कोण यावर भांडायचं, हे मला बावीस वर्षांत समजलेलं नाही. कोणाला समजलं असेल तर सांगा.

खरंच बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर?

लगेच देत नाहीत. बरेच महिने, बहुधा वर्षभर शिकवतात, पारखतात, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि कम्युनियन एकत्र होतं. लग्नासाठी घाईने घेतो म्हटलं तर शहाणा विगार सांगतो की थांब, सूट आहे ना.

बावीस वर्षं बसून आहेस. तुला कधी घ्यावंसं वाटलं नाही?

मामीने हे मागच्या मे महिन्यात विचारलं, आंबे चिरता चिरता.

एकदा वाटलं. सासूबाईंच्या सातव्या दिवसाच्या मिस्सेला. मी पहिल्या बाकावर, मधोमध. नवरा उठला, दीर उठले, लेक उठली आणि माझ्या गुडघ्यांवरून पलीकडे गेली. बाकावर मी एकटी आणि बाजूला सासूबाईंची चष्म्याची डबी, कोणीतरी सवयीने आणलेली. पाय उठायला लागले होते. मग वाटलं, सासूबाईंनी बावीस वर्षांत मला एकदाही "चल" म्हटलं नाही. मी विश्वास नसताना आमेन म्हणू नये, याची त्यांनी माझ्यापेक्षा जास्त काळजी घेतली होती. लादाइन झाली की चण्यांचं पहिलं वाडगं मात्र माझ्या हातात यायचं, पाद्रीच्याही आधी.

लेक परत येऊन शेजारी टेकली. संध्याकाळी घरी लादाइन होती. मी डबी पर्समध्ये टाकली आणि तिला विचारलं, चणे भिजत घातलेस ना?